सुनेचे बूट

बूट आले ते एका खाकी पिशवीतून, नाड्यांनी एकमेकांना बांधलेले. सुनेने ते काढून सरळ जेवणाच्या टेबलावर ठेवले.

"टेबलावर नको गं बाई," टपालबाई म्हणाल्या. "तिथे आपण जेवतो."

"नवे कोरे आहेत, आई. अजून जमिनीला लागलेसुद्धा नाहीत."

"मग लागू देत की. बूट आहेत ते, फुलदाणी नाही."

सून हसली आणि तिने बूट खाली ठेवले. ठेवताना खट्ट असा आवाज झाला, लाकडाचा ठोकळा ठेवावा तसा. टपालबाई चहा गाळत होत्या. त्यांनी बूट हातात घेतले नाहीत, वाकूनही पाहिले नाहीत, पण त्या आवाजावरूनच त्यांना काय कळायचं ते कळलं. हे बूट चावणार. आणि चावणार ते टाचेला.

टपालबाई हे काही त्यांचं नाव नव्हतं. उभी हयात त्यांनी टपाल वाटलं होतं. शहराचा चढावरचा भाग त्यांच्याकडे होता. तिथे सायकल चढत नसे, गाडी वळत नसे, सगळं पायी. खात्याकडून दर वर्षी नवे बूट मिळत आणि ते असे असत की नव्या पोरी पहिला महिना रडत काढत. टपालबाईही रडल्या होत्या. मग हळूहळू शिकल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत त्यांचं तेच नाव चालू होतं, आणि कुणाला पत्ता सापडत नसला की अजूनही त्यांच्याच दारावर थाप पडत असे.

सून कपड्यांच्या कारखान्यात कापणी खात्यात होती. कारखाना बंद पडला. बाकीच्या बायका दुसरीकडे शिवणकाम शोधत फिरू लागल्या, आणि या पोरीने एक दिवस सांगितलं की सैन्याच्या संदेश विभागात बायकांची भरती आहे, बिनतारी यंत्रांवरचं काम आहे, आणि मी नाव दिलंय. टपालबाईंना वाटलं, लेखी परीक्षेत अडकेल. अडकली नाही. मग वाटलं, डॉक्टरांच्या तपासणीत वय काढतील. काढलं नाही. आता उरली होती ती चालण्याची परीक्षा. पाठीवर वजन, पायात सैन्याचे बूट, आणि छावणीमागच्या टेकड्यांना वळसा घालणारा लांबलचक रस्ता. पायांना सवय व्हावी म्हणून बूट आधीच देत. सवय करायची कशी, ते मात्र कुणी सांगत नसे.

टपालबाईंनी एकदाही "जाऊ नकोस" म्हटलं नव्हतं. विरोध करायचा तर कारण द्यावं लागतं, आणि खरं कारण तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. नवरा जाऊन जमाना झाला होता. मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनात, वर्षातून पाहुण्यासारखा येणार. घरात माणूस म्हणाल तर ही सून. दोघींचं गूळपीठ होतं अशातला भाग नाही. खिडकी उघडी ठेवायची की बंद, रेडिओ किती मोठा लावायचा, भाजीत मीठ कुणी घातलं आणि कुणी दोनदा घातलं, यावर रोज काही ना काही चालायचं. पण संध्याकाळी जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज आला की टपालबाई दुसरा कप फडताळातून खाली काढत. तो कप फडताळातच राहणार, एवढंच त्यांना पुढचं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून दारापाशी स्टुलावर बसून बूट घालू लागली. टपालबाई स्वयंपाकघराच्या दारात, हातात फडकं घेऊन उभ्या.

मोजे पातळ, नायलॉनचे, रोज ऑफिसला जाणाऱ्या बाईने घालावेत तसे. पावलावर नाड्या तिने आवळून आवळून बांधल्या, बोटं मरतील अशा, आणि घोट्यापाशी, जिथे आवळायच्या तिथे, नुसती सैल गाठ. म्हणजे प्रत्येक पावलाला टाच वर उचलली जाणार आणि त्या फळीसारख्या कडेवर घासणार.

"कुठवर जातेस?" टपालबाईंनी विचारलं.

"नदीवरच्या जुन्या पुलापर्यंत जाऊन येते."

"पहिल्याच दिवशी?"

"माझी मैत्रीण म्हणाली, तिचा भाऊ फौजेत आहे ना, एकदाच काय ते सोसून घ्यायचं. पहिल्या दिवशी भरपूर चाललं की बूट गुमान वठणीवर येतात."

वठणीवर बूट येत नाहीत, पाय येतात. हे वाक्य टपालबाईंच्या अगदी ओठांवर होतं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. मग त्यांना आठवलं, गेल्या आठवड्यात भरतीच्या कागदांबद्दल त्या काही बोलायला गेल्या होत्या, तेव्हा सून म्हणाली होती, "आई, मला जमतं हो." तिने सहज म्हटलं होतं, पण टपालबाईंनी ते जपून ठेवलं होतं आणि आता ते कामाला आलं. विचारलंय का मला कुणी? नाही ना? मग न विचारता सांगणाऱ्याला काय किंमत?

"सावकाश जा," एवढं बोलून त्या आत वळल्या आणि मूग गिळून बसल्या.

सून दुपारी परतली. जिन्यावरची पावलं एक जड, एक हलकी अशी येत होती. "कसे आहेत बूट?" या प्रश्नाला तिने "छान" असं उत्तर दिलं आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं.

खालच्या मजल्यावर ड्रॉइंगमास्तर राहत. शाळेतून निवृत्त झाले होते आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे एक उपाय असे. सून लंगडत जिना उतरताना त्यांना दिसली आणि त्यांनी तिथेच तिला उपाय सांगितला. बूट रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचे, सकाळी शेगडीशेजारी वाळवायचे. कातडं कसं लोण्यासारखं होतं बघ!

टपालबाई वरच्या कठड्यावर चादर झटकत होत्या. त्यांनी शब्द न शब्द ऐकला. असं केलं की कातडं आधी फुगतं, मग आटतं, आणि पत्र्यासारखं होऊन बसतं, हे त्यांना आपल्या पहिल्याच जोडीने शिकवलं होतं. त्यांनी चादर पुन्हा झटकली. ती आधीच स्वच्छ होती.

बादलीत बुडालेले बूट त्यांनी पाहिले. शेगडीशेजारी वाफाळणारे बूट पाहिले. वाळल्यावर सुनेने त्यात पाय घालताना दात आवळले, तेही पाहिलं. रोज सकाळी ती बाहेर पडत होती आणि रोज थोडी लवकर परतत होती. नंतर एकदा वाळत घातलेल्या टॉवेलमागे एक मोजा दिसला. धुतलेला, पण टाचेपाशी तपकिरी डाग राहून गेलेला.

त्या दिवशी टपालबाईंना जेवण गेलं नाही. त्यांनी कपाटातून मलमाची डबी आणि स्वच्छ पट्टी काढली आणि न्हाणीघराच्या फळीवर, दिसेल अशी, ठेवून दिली. तोंडाने मात्र काही बोलल्या नाहीत. डबी ठेवली म्हणजे आपलं काम झालं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. डबी तशीच राहिली. सुनेला वाटलं, ती सासूबाईंचीच, गुडघ्यांसाठी असेल.

परीक्षा अगदी तोंडावर आली होती. सकाळी टपालबाई उठल्या तर सून न्हाणीघरात पालथ्या बादलीवर बसलेली. एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर, अंगात कापरं. फोडावरचं कातडं तिने ओढून काढलं होतं, वाटलं की लवकर सुकेल. टाच लालभडक, टरटरून सुजलेली, आणि तिथून एक लाल रेघ पोटरीकडे चढत गेलेली.

टपालबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. तवा.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "माझ्या खांद्याला धर."

"आई, परवा परीक्षा आहे."

"ऊठ म्हणते ना!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टाच धुतली तेव्हा सुनेने टपालबाईंचं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले. इंजेक्शन झालं, गोळ्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी त्या रेघेवर बोट ठेवून सांगितलं, "आणखी उशीर केला असतात तर हिला इथे नाही, मोठ्या रुग्णालयात न्यावं लागलं असतं. जखम भरेपर्यंत पायात काहीही घालायचं नाही. घरात कुणाला दिसलं नाही का हे?"

"दिसलं कसं नाही," टपालबाई म्हणाल्या, पण इतक्या हळू की डॉक्टरीणबाईंनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

सुनेने घरी येऊन भरती कार्यालयाला फोन केला. आवाज सरळ ठेवून बोलली. पुढची तुकडी थंडी सरल्यावर, तेव्हा पुन्हा या, बूट तोवर तुमच्याकडेच ठेवा, असं त्यांनी सांगितलं. फोन ठेवून ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

टपालबाईंच्या मनासारखं झालं होतं. पोरगी घरातच होती. संध्याकाळी दोन कप खाली निघत होते. पण चहा निवून जात होता आणि खिडकी उघडी आहे की बंद, यावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. भांडायला माणूस असून भांडण नसलं तर घर किती मोठं वाटतं, हे टपालबाईंना नव्यानेच कळत होतं.

ताप उतरल्यावर एका दुपारी सून उशीवर पाय ठेवून बसली होती. टपालबाई पट्टी बदलत होत्या. सून त्यांच्या हातांकडे बघत होती. जखमेभोवती कापसाचं कडं करून, मधे मोकळं ठेवून पट्टी कशी बसवायची, हे त्या हातांना न बघता येत होतं.

"तुम्ही इतकी वर्षं चाललात, आई. तुम्हाला कधी फोड आले नाहीत?"

"आले की. सुरुवातीला."

"मग?"

"मग शिकले."

"पहिल्या दिवशी मी बूट घालत होते तेव्हा तुम्ही दारात उभ्या होतात."

"होते."

"तुम्हाला दिसलं होतं ना? मी चुकीचं करतेय ते?"

नाही म्हणायला काहीच लागलं नसतं. माझं लक्ष नव्हतं बाई, फडकं पिळत होते, म्हटलं असतं तर पोरीने ऐकूनही घेतलं असतं. टपालबाईंनी पट्टीचं टोक आत खोचलं.

"दिसलं होतं."

"आणि पाणी? शेगडी?"

"तेही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

सुनेने पाय ओढून घेतला. ओरडेल, आदळआपट करेल, असं टपालबाईंना वाटलं, बरंही वाटलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "जाऊ नकोस म्हणाला असतात तर भांडलो असतो आपण. कडाक्याचं भांडलो असतो. ते परवडलं असतं, आई. हे नाही परवडलं."

दुसऱ्या दिवशी ती त्याच मैत्रिणीकडे राहायला गेली. पायात मोकळी चप्पल, हातात छोटी बॅग. "किती दिवस?" असं टपालबाईंनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. बूट तिने नेले नव्हते.

मुलाचा जहाजावरून फोन आला. "ती कुठेय?"

"मैत्रिणीकडे. माझ्यामुळे गेलीय."

"भांडलात?"

"भांडलो असतो तर बरं झालं असतं," टपालबाई म्हणाल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, शेगडीसुद्धा. पलीकडे इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, मी इथून काय करू? तूच बघ आता." रागाने म्हणाला नाही. त्यामुळेच ते जास्त लागलं.

ज्या रिकाम्या घराची टपालबाईंना धास्ती होती, ते घर आता रोज समोर होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने रिकामं केलं होतं. दोन दिवस त्या नुसत्या बसून राहिल्या. मग उठल्या, कोपऱ्यातले बूट ओढले आणि मांडीवर घेतले.

कातडं पत्र्यासारखं झालं होतं ते झालंच होतं. त्यांनी बाजारातून बुटांचं मेणाचं मलम आणलं. ब्रशने नाही, बोटांनी लावलं. बोटांच्या उबेने ते जिरतं. रात्रभर मुरू दिलं, सकाळी पुसलं, पुन्हा लावलं. टाचेची ताठ कड आतून चमच्याच्या पाठीने दाबत, रगडत, हळूहळू बाहेर वाकवली. जिथे पाऊल मुडपतं तिथे बूट दोन्ही हातांनी पिळवटून वाकवला, पुन्हा वाकवला. सांधेदुखीची बोटं, संध्याकाळी चहाचा कप धरवेना. पण सरतेशेवटी कातडं कण्हायचं थांबलं. अंगठ्याने दाबलं की दबत होतं आणि सोडलं की वर येत होतं.

मग त्यांनी ते पिशवीत घातले, बरोबर दोन जोड जाड लोकरी मोजे आणि दोन जोड पातळ सुती मोजे घेतले आणि मैत्रिणीच्या घरी जाऊन उभ्या राहिल्या.

दार मैत्रिणीनेच उघडलं. टपालबाईंना बघून ती इतकी गोंधळली की "या" म्हणायचं विसरली. मागून सून आली. ती आता लंगडत नव्हती, हे टपालबाईंनी आधी पाहिलं.

"मी समजूत घालायला आलेली नाही," त्या दारातूनच म्हणाल्या. "राग आहे तो असू दे, चुकीचा नाही तो. पण थंडी सरत आली. बूट घालून बघ, मी बघते."

"आत्ता?"

"हो, आत्ताच, संध्याकाळी. संध्याकाळी पाय थोडा फुगलेला असतो, तेव्हाच खरं माप कळतं."

मैत्रीण मधेच म्हणाली, "माझा भाऊ म्हणतो, एकदाच सोसून..."

"तुझ्या भावाला माझा निरोप सांग," टपालबाई म्हणाल्या, "म्हणावं, एकदा मोजे काढून पाय दाखव."

सून हसली नाही, पण तिने ओठ दाबले. बसली. टपालबाई जिन्यावरच खाली टेकल्या आणि त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला. आत पातळ मोजा, वर लोकरीचा, म्हणजे घासायचं ते मोज्यावर मोजा घासेल, कातड्यावर काही नाही. सुरकुती एकही नको. टाच मागे ठोकून बसवायची. पावलावर नाडी सैल, बोटं हलली पाहिजेत. घोट्यापाशी मात्र नाडीचा एक जादा वेढा देऊन घट्ट, टाच जागची हलता कामा नये.

"चाल," त्या म्हणाल्या.

सून जिन्याच्या तोंडापासून दारापर्यंत चालली. परत आली. तिचा चेहरा बदलला होता.

"हे तेच बूट आहेत?"

"तेच."

सुनेने वाकून कातडं चाचपलं, मग टपालबाईंच्या बोटांकडे पाहिलं, काळवंडलेल्या, नखांत मेण गेलेल्या. त्या दिवशी ती परत मात्र आली नाही. आली ती आठवडा संपता संपता, स्वतःच्या किल्लीने दार उघडून, आणि आल्या आल्या तिने खिडकी उघडली.

"गारठा येतो," टपालबाई म्हणाल्या.

"येऊ दे."

पुढचे दिवस त्या बुटांचेच होते. बुटांचे तळ धुऊन पुसून सुरुवातीला घरातल्या घरात, चहा होईपर्यंत. मग स्वयंपाक होईपर्यंत. ड्रॉइंगमास्तर वर आले, "वहिनी, घोडा पाळलाय का?"

"सून पाळलीय," टपालबाई म्हणाल्या. "आणि मास्तर, तिला पुन्हा पाण्याचा उपाय सांगितलात तर तुमचे जोडे बुडवीन मी बादलीत."

मग गल्ली, मग बाजार, मग चढ. पाठीवर आधी काही नाही, नंतर पिठाच्या पिशव्या. सुरुवातीला टपालबाई बरोबर चालत. चढ आला की त्या पायथ्याच्या बाकावर बसत आणि तिला एकटीला वर पाठवत. बोलत मात्र अखंड. नखं सरळ काप, गोल नको. पाय धुतलेस की बोटांच्या बेचक्या कोरड्या कर. अर्ध्या वाटेत मोजे बदल, ओला मोजा म्हणजे फोडाचा मामा.

"आता बोलायला लागलात तर थांबतच नाही तुम्ही," सून म्हणाली.

"मागची बाकी आहे ती."

एका सकाळी सून चढावरून परतली आणि बाकावर बसून लगेच बूट काढू लागली. टाचेवर, जुन्या व्रणाशेजारी, नुसती लाली होती.

"नाक्याच्या दिव्यापासून चुणचुणतंय."

"मग तिथेच का नाही थांबलीस?"

"थोडंच तर राहिलं होतं."

टपालबाईंचा आवाज चढला. "चुणचुणलं की थांबायचं! तिथल्या तिथे. दुखेपर्यंत वाट बघायची नाही. माणसं हसू देत, पुढे जाऊ देत, तू रस्त्याच्या कडेला बसायचं, बूट काढायचा, चिकटपट्टी लावायची, मग उठायचं." आपण ओरडलो हे त्यांच्या लक्षात आलं. जवळून जाणारा दूधवाला वळून बघत होता. त्यांनी खिशातून चिकटपट्टी काढली, तिची टोकं दातांनी गोल कुरतडली, म्हणजे मोज्याला अडकून सुटू नये, आणि ती लालीवर बसवली. सुनेने या वेळी पाय ओढून घेतला नाही.

परीक्षेच्या दिवशी घरच्या माणसांना छावणीच्या फाटकापर्यंत येऊ देत होते. टपालबाई पहाटेच्या बसने सुनेबरोबर आल्या. नाड्या सुनेनेच बांधल्या. टपालबाईंनी हात पाठीमागे धरून ठेवले होते. पोरी रांगेत निघाल्या आणि वळणाआड गेल्या.

ऊन वर आलं. एक लष्करी गाडी रस्त्याने परत आली, तिच्यातून दोन पोरी उतरल्या. मग पुन्हा एक गाडी. प्रत्येक वेळी टपालबाई पुढे होत आणि मागे येत. मग वळणावर एकेक जण पायी दिसू लागली. पहिल्या आल्या त्या जवळजवळ धावत. नंतर घोळके. मग बराच वेळ कुणीच नाही. फाटकावरची सार्जंटबाई घड्याळाकडे बघू लागली.

सून आली ती अगदी शेवटच्या चौघींत. चाल संथ, पण दोन्ही पावलं एकसारखी. रेघ ओलांडली, नाव पुकारलं गेलं, नोंद झाली.

"वेळेत आहेस, पण काठावर," सार्जंटबाई म्हणाली. "वाटेत बसली होतीस म्हणे?"

"दोनदा. पट्टी लावायला."

सार्जंटबाईने तिला बूट काढायला लावले. टाचा स्वच्छ होत्या, व्रण तेवढा गुलाबी. डाव्या करंगळीच्या कडेला मात्र मटाराएवढा एक फोड होता. सार्जंटबाईने मान डोलावली आणि पुढच्या पोरीकडे गेली. सून पास झाली होती.

"करंगळी!" टपालबाई गुडघे टेकून बघत होत्या. "करंगळीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. बूट तिथे रुंद करून घ्यायला हवा होता."

"आई, मी पास झालेय."

"ते ऐकलं मी. पण करंगळी..."

सून तिथेच, गवतावर, पोट धरून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने टपालबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. टपालबाईंनी ते टेकू दिलं.

शेजारी गाडीतून उतरवलेली एक पोरगी बसली होती, तोंड ओढणीत लपवून. तिची आई समोर उकिडवी बसून तिच्या टाचेवरचं लोंबतं कातडं चिमटीत धरत होती. टपालबाईंनी ते पाहिलं आणि त्या उठल्या.

"अहो बाई, थांबा! ओढू नका ते!"

त्या बाईने दचकून वर पाहिलं. "तुम्ही कोण?"

"कुणी नाही. पण कातडं राहू द्या, तेच आतली जखम झाकतं. पाणी आहे का स्वच्छ? हे घ्या माझ्याकडचं." त्या मुलीजवळ बसल्यासुद्धा. "आणि रडू नकोस गं, पोरी. पुढच्या तुकडीला येता येतं. ही माझी सून, हिचीसुद्धा मागची तुकडी हुकली होती. बूट बघू तुझे. नाड्या कशा बांधल्या होत्यास?"

सून बूट हातात घेऊन अनवाणी उभी होती. बस सुटायची वेळ झाली होती. "आई, चला."

"थांब गं. हिला नाडीचा वेढा दाखवते आणि येते."

ती बस चुकली. पुढची बरीच उशिरा आली. दोघी मागच्या सीटवर बसल्या, सुनेचे पाय पिशवीवर. पुढच्या सोमवारी तिला हजर व्हायचं होतं. टपालबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग न वळताच म्हणाल्या, "तू गेल्यावर मला करमणार नाही. सांगून ठेवते."

"माहीत आहे."

"तरी जा."

"जातेच आहे."

बस उतारावर वळली. सुनेने पाय सावरले. "रविवारी फोन करत जाईन."

"रोज कर."

"रोज नाही जमणार, आई. तिथे पाळीपाळीने मिळतो फोन."

टपालबाईंनी थोडा विचार केला. "मग रविवारी सकाळीच कर. संध्याकाळपर्यंत वाट बघायला लावू नकोस."

"बरं," सून म्हणाली, आणि खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून त्यांचं जे सुरू झालं ते घर येईपर्यंत चाललं.